रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांसाठीचा उजळणी वर्ग : काय मिळाले, काय राहिले

पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण केंद्राने रुग्णवाहिकेवर काम करणारे डॉक्टर आणि पॅरामेडिक यांच्यासाठी घेतलेला तीन दिवसांचा उजळणी वर्ग मी नुकताच पूर्ण केला, त्याचे हे परीक्षण आहे. असा वर्ग करावा का, त्यासाठी रजा आणि पैसे खर्च करावेत का, असे तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे सहकारी वारंवार विचारतात, आणि ‘चांगला आहे, करून टाका’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण इथे नोंदवलेले गुण आणि उणिवा अशा बहुतेक वर्गांत थोड्याफार फरकाने आढळतात, आणि आपल्या जवळचा कोणताही वर्ग पारखताना हे मुद्दे वाचकांच्या उपयोगी पडावेत अशी माझी इच्छा आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या (गंभीर रुग्णांसाठी अधिक सुसज्ज) आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या (प्राथमिक सुविधांच्या) होत्या. गाडीत डॉक्टर असणे हे आपल्या सेवेचे वैशिष्ट्य आहे आणि त्या डॉक्टरांमध्ये बीएएमएस आणि बीएचएमएस पदवीधरांचा मोठा भरणा आहे. रोजच्या कामात सलाईन लावणे, ऑक्सिजन देणे, ग्रामीण रुग्णालयातून सिव्हिलला रुग्ण हलवणे या गोष्टी इतक्या वेळा होतात की त्या हातात पक्क्या बसतात. ज्या क्वचित कराव्या लागतात आणि ज्यांवर जीव अवलंबून असतो, त्याच विरत जातात. सीपीआरचे (हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला जगवण्याचे) प्रशिक्षण घेतल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच हाताची सफाई कमी होऊ लागते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे कार्ड मात्र दोन वर्षे वैध असते. म्हणून कोणत्याही उजळणी वर्गाकडे पाहताना माझा पहिला प्रश्न असा असतो की, तिथे प्रत्येकाचे हात किती वेळ चालले आणि ते चालत असताना त्यांच्याकडे कोणी किती बारकाईने पाहिले.

या कसोटीवर पहिला दिवस उत्तम ठरला. सकाळचे प्रास्ताविक लवकर आटोपून आम्हाला छोट्या गटांत विभागण्यात आले आणि प्रत्येक गटाला एक मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा मानवी पुतळा, मिळाले. मॅनिकिन साधे नव्हते. दाब किती खोल गेला, वेग किती आहे, छाती पूर्ण वर आली की नाही, हे त्याला जोडलेल्या टॅबवर त्या क्षणी दिसत होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून आपल्या प्रौढांच्या सीपीआर वर्गांत अशा उपकरणाचा वापर बंधनकारक केला आहे. त्याचे महत्त्व पुस्तकात वाचून पटत नाही, टॅबसमोर गुडघ्यावर बसल्यावर पटते. छाती किमान ५ सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे आणि ६ च्या पुढे जाता कामा नये, वेग मिनिटाला १०० ते १२० हवा, हे आकडे सर्वांना तोंडपाठ होते. तरीही पहिल्या फेरीत बहुतेकांचा वेग १३० च्या पुढे गेला, कारण भोवती माणसे उभी राहिली की हात आपोआप घाई करतात, आणि वेग वाढला की खोली कमी होते.

याच सत्रातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. गटातील एक अनुभवी डॉक्टर खोलीही बरोबर देत होते आणि वेगही, तरी टॅबवर पिवळी खूण वारंवार उमटत होती. प्रशिक्षक मॅडम बाजूला गुडघ्यावर बसल्या, त्यांनी डॉक्टरांच्या मनगटाखाली आपले एक बोट सरकवले आणि दाब सुटल्यावरही तळहाताचा भार छातीवर किती उरतो, हे त्यांना त्या बोटावर जाणवून दिले. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढचा दाब कितीही चांगला दिला तरी वाया जातो. डॉक्टरांनी खांदे थोडे मागे घेतले, कोपर सरळ केले आणि दोन मिनिटांच्या पुढच्या फेरीत ती खूण जवळजवळ नाहीशी झाली. इतकी नेमकी दुरुस्ती मोठ्या सभागृहात पन्नास जणांना एकत्र शिकवताना होऊच शकत नाही.

दर दोन मिनिटांनी माणूस बदलण्याचा सरावही असाच काटेकोर होता. प्रशिक्षक घड्याळ लावून बसत आणि दाब थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत किती सेकंद गेले ते मोठ्याने सांगत. शॉक देण्यापूर्वी डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चार्ज होईपर्यंत दाब चालू ठेवायचा, नाडी पाहायला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही, पुढचा माणूस आधीच समोरच्या बाजूला गुडघ्यावर तयार ठेवायचा, या गोष्टी सांगून झाल्यावर पुन्हा पुन्हा करून घेतल्या गेल्या. एकूण वेळेपैकी किमान ६० टक्के वेळ छातीवर दाब चालू असला पाहिजे असे मार्गदर्शक सूत्र आहे. आमच्या गटाने पहिल्या प्रयत्नात ते जेमतेम गाठले आणि संध्याकाळपर्यंत ते ८० च्या वर नेले. प्रगती डोळ्यांसमोर आकड्यांत दिसली की शिकणाऱ्याला पुढची फेरी करण्याचा हुरूप येतो.

श्वासमार्गाचे सत्रही चांगले होते, पण तिथे मॅनिकिनची मर्यादा जाणवली. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, सगळेच वापरतात आणि बहुतेक जण ती गरजेपेक्षा जोरात आणि जलद दाबतात. छाती उचललेली दिसेल इतकीच हवा द्यायची, आय-जेल किंवा ट्यूब (घशातून घालायच्या श्वासनळ्या) घातल्यावर दर ६ सेकंदांनी एकच श्वास द्यायचा, हे प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून तोंडाने अंक मोजून करून घेतले. जास्त हवा दिल्याने छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि पोटात हवा जाऊन उलटीचा धोका वाढतो, हे कारण त्यांनी नीट समजावले. एका हाताने मास्क धरून दुसऱ्या हाताने बॅग दाबण्यापेक्षा एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी, हा फरकही सर्वांनी अनुभवला. मात्र सगळी मॅनिकिन गुळगुळीत चेहऱ्यांची होती. दात पडलेल्या आजोबांचे आत गेलेले गाल किंवा दाट दाढी यांमुळे मास्कच्या कडेने हवा सुटते, आणि कवळी बसवलेली असेल तर ती मास्क लावताना तशीच ठेवावी का काढावी, असे प्रश्न आम्हाला रोज पडतात. त्यांच्यावर थोडी चर्चा झाली, पण हाताने काही करायला मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशीचा अपघाताचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो अपेक्षेप्रमाणे नीट झाला. वाहते रक्त आधी, मग श्वासमार्ग, हा क्रम, टुर्निके (रक्त थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या वर चार बोटे पण सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट आणि लावल्याची वेळ लिहिलेली, पेल्व्हिक बाइंडर (कमरेची मोडलेली हाडे आवळून धरणारा पट्टा), छातीच्या जखमेवरची पट्टी, असे सर्व काही झाले. स्पाइन बोर्ड रुग्णाला उचलून बाहेर काढण्यापुरता वापरावा, लांबच्या प्रवासात त्यावर तासन्‌तास झोपवून ठेवू नये, हा बदललेला दृष्टिकोनही स्पष्टपणे मांडण्यात आला. यात उल्लेखनीय ठरला तो हेल्मेट काढण्याचा सराव. दुचाकीच्या अपघातात गर्दीतील कोणीतरी हेल्मेट ओढत असतो आणि ते आपण थांबवतो, पण श्वासमार्ग धोक्यात असेल तर ते आपल्यालाच काढावे लागते. एकाने मान आणि जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला ताणत ते सरकवायचे, नाकापाशी अडले की किंचित मागे कलते करायचे आणि निघताना डोके खाली आपटू द्यायचे नाही. हे प्रत्येकाने दोन्ही जागांवर बसून केले, आणि ज्याच्या डोक्यावरून हेल्मेट काढले जात होते तो आमच्यातलाच एक होता, त्यामुळे मान किती हलली ते तोच सांगत होता.

प्रसूतीच्या सत्राला अर्धा दिवस दिला, याबद्दल केंद्राचे मनापासून कौतुक करायला हवे. गाडीतच बाळंतपण होणे ही आमच्या कामात नवलाईची गोष्ट नाही, आणि तरीही बहुतेक आपत्कालीन वर्ग तो विषय तासाभरात उरकतात. इथे बाळाला लगेच कोरडे करणे, पाठ चोळणे, उबदार ठेवणे, रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत छोट्या अंबूने श्वास सुरू करणे, हे घड्याळाच्या काट्यावर करून घेतले. आईच्या बाजूने दुसरे बाळ नाही याची खात्री करून गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत देणे आणि रक्तस्राव वाढला तर गर्भाशय चोळत राहणे, याचाही सराव झाला. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या कपाटात पडलेल्या ॲम्प्यूलवर (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीवर) किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न प्रशिक्षिकेने स्वतःहून काढला. ज्यांनी प्रत्यक्ष गाडीवर काम केले आहे तेच असा प्रश्न विचारू शकतात.

आता उणिवांकडे वळतो. विषबाधा आणि दंश हा विषय स्लाइड दाखवून उरकला गेला, आणि ही या वर्गाची सर्वांत खटकणारी बाजू आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. फवारणीच्या हंगामात ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण गाडीत येतो तेव्हा त्यावरच्या ॲट्रोपिन या औषधाची पहिली मात्रा १.८ ते ३ मिलिग्रॅम द्यावी लागते आणि छातीतील घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी ती दुप्पट करत जावे लागते. स्लाइडवर हे एका ओळीत मावते. प्रत्यक्षात एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते, म्हणजे ३ मिलिग्रॅमसाठी पाच ॲम्प्यूल, पाच मिनिटांनी दहा आणि त्यानंतर वीस फोडायच्या. धावत्या गाडीत, नाका-तोंडातून फेस वाहत असलेल्या रुग्णाचे सक्शन (यंत्राने स्राव ओढून घेणे) करता करता एकट्याने इतक्या ॲम्प्यूल फोडून भरणे हे एक वेगळेच कौशल्य आहे, आणि आपल्या गाडीत त्या किती आहेत हे ड्यूटी सुरू होतानाच मोजून ठेवायला हवे. रिकाम्या ॲम्प्यूलमध्ये पाणी भरून हा सराव अगदी स्वस्तात घेता आला असता.

सर्पदंशाचेही तसेच झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची चित्रे दाखवून सत्र संपले. मण्यारीचा दंश अनेकदा रात्री झोपेत होतो, जखम दिसतही नाही, आणि पहाटे पोटात दुखते, पापण्या जड झाल्या म्हणून नातेवाईक १०८ ला फोन करतात. अशा रुग्णाचा श्वास वाटेत मंदावला तर व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयापर्यंत अंबूने नेटाने श्वास देत राहणे, यावरच सगळे अवलंबून असते. पहिल्या दिवशी शिकवलेले कौशल्य इथे जोडून घेतले असते तर दोन्ही सत्रे अधिक अर्थपूर्ण झाली असती. घोणस किंवा फुरसे चावल्यावर करायची रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतच करावी लागते आणि त्या वीस मिनिटांत नळी हलवायची नसते, म्हणून ती गाडीत न करता रुग्णालयात करायची असते, हा साधा तपशीलही सांगितला गेला नाही. विंचवाचा तर उल्लेखच नव्हता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्याच महाराष्ट्रात चालणाऱ्या वर्गात कोकणातून आलेल्या सहकाऱ्यांना ही गोष्ट आपणहून मांडावी लागली. अभ्यासक्रम परदेशी साच्यावर बेतलेला आहे आणि त्यात आपल्या गावांतले आजार नंतर चिकटवले आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी मोठी उणीव माणसांच्या संख्येची आहे. वर्गातील प्रत्येक प्रसंगनाट्यात पाच-सहा जणांचा चमू गृहीत धरलेला होता. एक नेता, एक छातीवर, एक श्वासाला, एक औषधाला, एक नोंदी ठेवणारा. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हे शक्य आहे. आमच्या गाडीत मागे एक डॉक्टर आणि पुढे पायलट, म्हणजे चालक, असतो, आणि गाडी सुटली की मागे डॉक्टर, रुग्ण आणि भेदरलेला नातेवाईक एवढेच उरतात. अशा वेळी घटनास्थळीच पायलटला हाताशी धरून किती वेळ काम करायचे, हृदयाचा रिदम (ठोक्यांची लय) शॉक देण्याजोगा असेल तर गाडी हलवण्याची घाई का करू नये, धावत्या गाडीत उभे राहून दिलेला दाब किती कमी पडतो आणि देणाऱ्यालाही किती धोक्याचा असतो, या प्रश्नांची उत्तरे सरावातून मिळायला हवीत. केंद्राच्या आवारात एक जुनी रुग्णवाहिका उभी होती आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात एक प्रसंग घेतलाही, पण गाडी उभी होती आणि मागे चौघे जण होते.

यावर उपाय सोपा आहे आणि मी तो अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहून दिला आहे. पायलटांना वर्गात बोलवावे. ॲम्प्यूल कुठल्या कप्प्यात आहे, मॉनिटरचे पॅड कसे लावायचे, छातीवर दाब कसा द्यायचा, हे पायलटला येत असेल तर डॉक्टरचे दोन हात चार होतात. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी केवळ छाती दाबण्याची जी सोपी पद्धत आखली आहे, ती पायलटला एका दुपारी शिकवता येते. डॉक्टर आणि त्याचा नेहमीचा पायलट अशी जोडी एकत्र प्रशिक्षणाला आली तर शिकलेले दुसऱ्या दिवशीच्या कॉलपासून वापरात येईल.

परीक्षेबाबत केंद्राने कसलीही सवलत दिली नाही, हे चांगलेच झाले. प्रात्यक्षिकात ज्यांचे दाब सलग दोन मिनिटे योग्य पट्ट्यात राहिले नाहीत त्यांना त्याच संध्याकाळी पुन्हा सराव करून पुन्हा परीक्षा द्यावी लागली, आणि ती देताना कोणाचाही अपमान होईल असे शब्द वापरले गेले नाहीत. प्रत्येक प्रसंगानंतरच्या चर्चेत प्रशिक्षक आधी काम करणाऱ्यालाच विचारत की त्या क्षणी तुमच्या मनात काय होते, आणि मगच आपले निरीक्षण सांगत. रुग्ण कॅज्युअल्टीत सोपवताना काय घडले, काय इजा आहे, नाडी-रक्तदाब किती, आपण काय केले, हे अर्ध्या मिनिटात सांगण्याचा सरावही झाला, पण तो आणखी व्हायला हवा होता, कारण दारात स्ट्रेचर थांबलेले असताना ड्यूटीवरच्या सिस्टरला आपले बोलणे ऐकायला जेमतेम तेवढाच वेळ असतो.

वर्गानंतर पुढे काय, याचे उत्तर केंद्राकडे अर्धेच आहे. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदणी टिकवण्यासाठी ईएमटीला (रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन तंत्रज्ञाला) दर दोन वर्षांत ४० तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते, आणि काही रुग्णालयांत तर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने मॅनिकिनवर थोडा वेळ हात चालवायचा अशी पद्धत रुळली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांना पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट (गुणांक) मिळवावे लागतात, पण ते व्याख्याने ऐकूनही मिळतात. या केंद्राने जुन्या प्रशिक्षणार्थींना बॅच नसलेल्या दिवशी येऊन मोफत सराव करण्याची मुभा दिली आहे. ही मुभा पुणे आणि पिंपरीत काम करणाऱ्यांना नक्कीच लाभदायक आहे. भोकरदन, अक्कलकुवा किंवा देवरुखहून कोणी त्यासाठी येणार नाही. टॅबला जोडता येणारे एखादे मॅनिकिन तालुक्याच्या बेस लोकेशनवर (रुग्णवाहिका उभी राहण्याच्या ठिकाणी) महिन्याकाठी फिरवत ठेवले तर तीन दिवसांच्या वर्गाचा परिणाम टिकेल, आणि हे केंद्र ती सेवा देणार असेल तर आमच्या तालुक्यातून मी सर्वात आधी नाव देईन.

शुल्क तालुक्यात काम करणाऱ्याच्या मानधनाच्या मानाने जड आहे, त्यात राहण्याची सोय नाही, दुपारचे जेवण आणि चहा आहे. शहरातील कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांनी हा वर्ग बिनदिक्कत करावा, त्यांना यातील जवळपास सगळे उपयोगी पडेल. ग्रामीण भागातील गाडीवर असणाऱ्यांनीही पहिल्या दिवसासाठी आणि प्रसूतीच्या सत्रासाठी तो करावा, मात्र सर्पदंश आणि विषबाधेसाठी जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनकडे वेगळा वेळ मागून घ्यावा. नोंदणीपूर्वी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : एका मॅनिकिनमागे किती जण असतील, मॅनिकिनला मोजमाप दाखवणारे उपकरण जोडलेले आहे का, आणि पायलटला सोबत आणले तर किती शुल्क पडेल. पावसाळ्यापूर्वीची बॅच लवकर भरते, त्यामुळे महिनाभर आधी नाव नोंदवणे बरे, आणि हजेरीचा दाखला शेवटच्या दिवशी हातोहात घ्यावा, कारण नंतर कुरिअरने येण्यास बराच वेळ लागतो आणि रजा मंजूर करून घेताना तोच मागितला जातो.